दोन बैल की हजार कोंबड्या?

गेल्या वर्षी यवतमाळला शिक्षकांच्या एका शिबिराला आम्ही गेलो होतो. दुपारच्या चहाच्या वेळी पुसदकडचे एक विज्ञानशिक्षक आमच्याकडे आले. त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संगणकासाठी काही रक्कम जमवून दिली होती. मुलांना कपाशीच्या फुलांचे आणि बोंडांचे फोटो काढून, गुलाबी बोंडअळीची लागण संगणकाला ओळखता येते का, हे करून पाहायचे होते. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागते. सरांचा प्रश्न सरळ होता. "तेवढ्याच पैशांत एक दमदार कार्ड येतं, नाहीतर दोन साधी येतात. दोन घेतली तर काम दुप्पट होईल ना, सर?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. एक तर पैसे लोकांनी दिलेले होते, आणि चूक झाली तर ती पुन्हा सुधारण्याइतके पैसे गोळा होण्याची शक्यता नव्हती. दुसरे म्हणजे हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. महासंगणकांच्या साऱ्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. आपल्या महाराष्ट्रात तर एका अख्ख्या संस्थेचा जन्म या प्रश्नाच्या एका उत्तरातून झाला.

सेमूर क्रे हे अमेरिकी अभियंते महासंगणकांचे जनक मानले जातात. त्यांचा 'क्रे-१' हा संगणक १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत बसला. त्याची कमाल गती १६० मेगाफ्लॉप होती, म्हणजे सेकंदाला १६ कोटी दशांश-आकडेमोडी. क्रे यांचा विश्वास एका अतिशय वेगवान, अतिशय काळजीपूर्वक घडवलेल्या प्रक्रियकावर होता. पुष्कळ छोटे प्रक्रियक एकत्र जोडून तेवढेच काम करू, असे कोणी म्हटले की ते विचारीत, शेत नांगरायचे असेल तर तुम्ही दोन तगडे बैल जुंपाल की १०२४ कोंबड्या? निदान त्यांच्या नावावर हा किस्सा सांगितला जातो. यवतमाळच्या शिबिरात तो सांगितल्यावर मोठा हशा पिकला. काळ्या जमिनीत उन्हाळी नांगरट करणे म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पण हसून झाल्यावर एका बाईंनी विचारले, "बैल मिळालाच नाही तर?" नेमके तेच आपल्या देशाचे झाले होते.

१९८७ चा दुष्काळ पुष्कळांच्या आठवणीत असेल. मोसमी पावसात त्या वर्षी देशभर सुमारे १९ टक्के तूट आली. पाऊस केव्हा येणार, मध्ये खंड किती दिवसांचा पडणार, हे चार-पाच दिवस आधी कळले तर काय होते ते कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्याला विचारावे. दुबार पेरणीचे बियाणे म्हणजे त्याच्या घरातले पुढच्या वर्षीचे कर्ज असते. असा अंदाज करायचा तर साऱ्या पृथ्वीच्या वातावरणाची समीकरणे सोडवावी लागतात, आणि अंदाजाचा दिवस उजाडण्याच्या आत सोडवावी लागतात. भारताने अमेरिकेकडे 'क्रे एक्स-एमपी/२४' हा संगणक मागितला. या नावातला २ हा आकडा प्रक्रियकांची संख्या सांगतो. अण्वस्त्रांच्या आकडेमोडीलाही तो वापरला जाईल अशी शंका घेऊन अमेरिकेने तो नाकारला आणि त्याऐवजी 'एक्स-एमपी/१४' देऊ केला, म्हणजे एकाच प्रक्रियकाचा. तोही हवामानाच्या कामापुरताच, देखरेखीच्या अटींसह. तो दिल्लीच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात बसवण्यात आला. थोडक्यात, आपण बैलांची जोडी मागितली आणि एक बैल मिळाला, तोही दुसऱ्याच्या दाव्याला बांधलेला.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक', म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झाले ते या पार्श्वभूमीवर. त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर हे मुरंबा गावचे. हे गाव अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात आहे. यवतमाळकरांना मूर्तिजापूर ओळखीचे आहे ते 'शकुंतला'मुळे. कापूस वाहण्यासाठी घातलेली ही अरुंद रूळमार्गाची गाडी यवतमाळहून तिथे जात असे आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आता ती बंद आहे. असो. सी-डॅकला तीन वर्षांची मुदत आणि काही कोटी रुपये देण्यात आले होते. उद्दिष्ट होते एक गिगाफ्लॉपचे, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडींचे. क्रेसारखा एकच जबरदस्त प्रक्रियक तीन वर्षांत देशात घडवणे शक्य नव्हते. बाजारात मिळत होत्या त्या कोंबड्याच.

ती कोंबडी म्हणजे ट्रान्सप्युटर. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलची इन्मॉस ही कंपनी ही चिप बनवीत असे. तिचा टी-८०० हा प्रकार १९८७ मध्ये आला. एका चिपची कमाल ताकद जेमतेम चार मेगाफ्लॉप. प्रत्यक्ष कामात त्याहूनही कमी. पण तिच्यात एक गुण होता. प्रत्येक चिपला चार दिशांना चार जोडण्या अंगच्याच होत्या, त्यामुळे शेजारच्या चिपशी थेट बोलता येत असे. चिपा चिपांना जोडत गेले की जाळे वाढत जाते. सी-डॅकने अशा चिपा जोडून 'परम ८०००' तयार केला. १९९० मध्ये त्याचे प्राथमिक रूप तयार होते आणि १९९१ मध्ये तो जाहीर झाला. 'परम' या नावात 'पॅरलल मशीन' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही दडली आहेत. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वर्तमानपत्रातली कपाटासारख्या यंत्राची छायाचित्रे पाहून आत काय असेल याची कल्पना करीत होतो. आत कोंबड्या आहेत हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली!

२५६ ट्रान्सप्युटरांच्या परमची कागदावरची ताकद भरते सुमारे एक गिगाफ्लॉप. २५६ गुणिले चार, हिशेब सोपा आहे. पण प्रत्यक्ष कामात त्यातून १०० ते २०० मेगाफ्लॉप मिळत, म्हणजे दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतके. ही फसवणूक मुळीच नव्हती. जगातल्या साऱ्या समांतर संगणकांची तेव्हा हीच गत होती. बाकीची ताकद कुठे जाते, हा यातला खरा प्रश्न आहे, आणि तो वर्गात करून पाहता येतो.

आम्ही शिबिरात तो असा केला. ६४ चिठ्ठ्यांवर ६४ संख्या लिहिल्या. त्यांची बेरीज एकाने केली तर ६३ बेरजा लागतात. दोघांना ३२-३२ चिठ्ठ्या वाटल्या तर प्रत्येकाच्या ३१ बेरजा आणि शेवटी दोन उत्तरांची एक, म्हणजे ३२ बेरजांइतका वेळ. चौघांना १७, आठांना १०, सोळांना ७ आणि बत्तिसांना ६. इथपर्यंत सगळे खूश असतात. मग आम्ही एक गोष्ट सांगितली. आपले उत्तर उठून दुसऱ्याला नेऊन द्यायला तीन बेरजांइतका वेळ लागतो असे धरा. आता पुन्हा मोजा. दोघांना ३५, चौघांना २३, आठांना १९, सोळांनाही १९, आणि बत्तिसांना? २१! माणसे वाढली आणि वेळही वाढला. वर्गातली मुले हे मोजून काढतात तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. ती दोनदा मोजतात. मोजू द्यावे.

ट्रान्सप्युटरांचेही तसेच होई. समजा २५६ चिपा सोळा ओळी आणि सोळा रांगा अशा मांडल्या. एका कोपऱ्यातल्या चिपेला समोरच्या कोपऱ्यातल्या चिपेला निरोप द्यायचा तर तो तीस हातांतून जाणार. परममध्ये काम पाहून जोडण्या बदलण्याची सोय केली होती ती म्हणूनच. हवामानाचे काम तर यात फार अडचणीचे. जागतिक प्रतिमानाच्या एका प्रकारात साऱ्या पृथ्वीवरचे आकडे लहान-मोठ्या लहरींच्या बेरजेच्या रूपात मांडतात. तिथे दर पावलाला प्रत्येकाला प्रत्येकाची माहिती लागते.

दुसरी अडचण जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली होती. पुस्तकात ती सूत्राने देतात. आम्ही ती शिबिरात कापूसवेचणीने सांगितली. एका शेतातला कापूस वेचायला १६० तासांचे काम आहे. वेचून झाल्यावर चाळीस गाठोडी काट्यावर जातात. काटा एक, वजन लिहिणारा एक, गाठोड्यामागे तीन मिनिटे, म्हणजे एकूण दोन तास. वीस बाया असतील तर वेचणीला आठ तास आणि मोजणीला दोन, एकूण दहा. चाळीस बाया लावल्या तर सहा तास, पाच नव्हेत. ऐंशी लावल्या तर चार. एकशे साठ लावल्या तरी तीन. आठपट बाया लावून वेळ एक-चतुर्थांशही झाला नाही. हजार बाया आणल्या तरी दोन तासांच्या खाली येणार नाही, कारण काटा एकच आहे.

या हिशेबामुळे पुष्कळांनी कोंबड्यांचा नाद सोडला होता. १९८५ मध्ये अ‍ॅलन कार्प नावाच्या शास्त्रज्ञाने जाहीर पैज लावली, की खऱ्या उपयोगाच्या प्रश्नावर कोणी समांतर संगणकाने दोनशेपट गती दाखवली तर आपण शंभर डॉलर देऊ. ते त्याला द्यावे लागले. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतल्या जॉन गुस्टाफसन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १०२४ प्रक्रियकांच्या यंत्रावर तीन अभियांत्रिकी प्रश्नांसाठी हजारपटीहून अधिक गती मिळाल्याचे दाखवले. आकडा पाहा, नेमक्या १०२४ कोंबड्या! त्यांचे म्हणणे असे की मोठे यंत्र मिळाले की माणूस तोच जुना लहान प्रश्न झटपट सोडवत बसत नाही, अधिक मोठा प्रश्न घेतो. प्रश्न मोठा झाला की वाटून घेण्याजोगे काम वाढते, एकट्याने करायचे काम मात्र पुष्कळदा फारसे वाढत नाही. अ‍ॅमडालचे गणित चुकले नव्हते. त्याने शेत तेवढेच धरले होते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. परमच्या पुढच्या रूपात, 'परम ८६००' मध्ये, हिशेबाला इंटेलची ताकदवान आय-८६० ही चिप आणि निरोप पोचवायला ट्रान्सप्युटर अशी वाटणी केली. इन्मॉसची टी-९००० ही पुढची चिप लांबत गेली आणि ट्रान्सप्युटरचे युगच संपले. सी-डॅकने मग बाजारातले तयार, बऱ्यापैकी ताकदवान प्रक्रियक घेऊन 'परम १००००' (१९९८) आणि त्यापुढची यंत्रे बांधली. तिकडे सेमूर क्रे यांची स्वतंत्र कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९६ मध्ये त्यांनी नवी कंपनी काढली, ती पुष्कळ तयार प्रक्रियक एकत्र जोडण्यासाठी. त्याच वर्षी मोटार अपघातानंतर त्यांचे निधन झाले. बैलवाल्याने शेवटी खुराडे बांधायला घेतले होते.

आता ग्राफिक्स कार्डाकडे येऊ. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग ठरवणे हे या कार्डाचे मूळ काम. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब जवळजवळ स्वतंत्र, म्हणून त्यात शेकडो-हजारो छोटे प्रक्रियक भरता येतात. म्हणजे सरांना जो 'एक दमदार बैल' वाटत होता तो मुळात हजारो कोंबड्यांचाच आहे. फरक इतकाच, की साऱ्या कोंबड्या एकाच खुराड्यात आहेत आणि एकाच ताटातून दाणे टिपतात. ते ताट म्हणजे कार्डावरची स्मृती. दोन कार्डे म्हणजे दोन खुराडी, दोन ताटे, आणि मध्ये एक अरुंद बोळ.

दोन कार्डे एकत्र जुंपण्याचा प्रयोग थ्रीडीएफएक्स या कंपनीने १९९८ मध्ये 'व्हूडू-२' या कार्डात लोकप्रिय केला. पडद्यावरच्या विषम ओळी एका कार्डाने काढायच्या, सम ओळी दुसऱ्याने. कल्पना सुरेख होती. २००४ मध्ये एनव्हिडियाने आणि २००५ मध्ये एटीआयने ती नव्या रूपात आणली. बहुतेक वेळा त्यात एक चित्र एका कार्डाने आणि पुढचे दुसऱ्याने काढायचे अशी पाळी असे. सेकंदाला साठ चित्रे पडतात असे यंत्र दाखवी, आणि तरी खेळणाऱ्याला हिसके जाणवत. कारण चित्रांमधले अंतर ८ मिलिसेकंद, मग २५, पुन्हा ८, पुन्हा २५ असे असू शके. सरासरी साडेसोळा, म्हणजे सेकंदाला साठ, हिशेबात चूक काही नाही! सरासरी शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. शिवाय दृश्याची सारी सामग्री दोन्ही ताटांत वाढावी लागे. आठ-आठ गिगाबाइटची दोन कार्डे लावली म्हणून सोळा मिळत नसत. खेळ लिहिणाऱ्यांना प्रत्येक खेळात यासाठी वेगळी खटपट करावी लागे. हळूहळू ती बंद पडली. २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या खेळांसाठी ती मदत देणे थांबवले, आणि २०२२ मध्ये आलेल्या तिच्या घरगुती कार्डांना जोडणीची खाचच नव्हती.

पण खेळांत हरलेली कल्पना इतरत्र मात्र फोफावली. सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. त्याच्या ४२ एककांत प्रत्येकी आठ, म्हणजे एकूण ३३६ कार्डे आहेत. तिथे कार्डाकार्डांमधला बोळ म्हणजे हमरस्ता आहे, आणि त्या रस्त्याचा खर्च शाळेच्या वर्गणीत बसणारा नाही.

मग सरांना काय सांगितले? आम्ही आधी त्यांनाच विचारले, की तुम्हाला एक मोठे काम लवकर करायचे आहे की पुष्कळ लहान कामे एकाच वेळी? प्रतिमान इतके मोठे असेल की साध्या कार्डाच्या स्मृतीत मावतच नाही, तर एकच दमदार कार्ड घ्यावे, त्यात फारशी चर्चा नको. पण बोंडांचे फोटो ओळखण्याचे प्रतिमान लहान असते. साध्या कार्डातही ते सुखाने मावते. तशा वेळी दोन कार्डे एका पेटीत घालून त्यांना एकच काम वाटून देऊ नये. दोन संगणकांत एकेक घालावे आणि मुलांच्या दोन गटांना दोन वेगळे प्रयोग करू द्यावेत. एकमेकांना निरोपच द्यायचे नाहीत, त्यामुळे बोळाचा प्रश्न उरत नाही आणि काम खरोखरच दुप्पट होते. एक बिघडले तर दुसरे चालू राहते, हा फायदा वेगळाच. विजेचा हिशेबही मांडला. दमदार कार्ड एकटेच साडेतीनशे ते साडेचारशे वॅट खाते, साधे दीडशे ते दोनशे. एप्रिलमध्ये पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा एक संगणक बंद ठेवून दुसऱ्यावर भागवता येते. शाळेच्या इन्व्हर्टरलाही ते झेपते.

सरांनी हे सारे वहीत उतरवून घेतले. जाताना म्हणाले, "म्हणजे आधी काटा कुठं आहे ते पाहावं लागंल."

दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले. त्यांनी तूर्त एकच साधे कार्ड घेतले होते. मुलांनी दोन हजारांवर फोटो जमवले, पण त्यांतली डोमकळी कोणती आणि साधे न उमललेले फूल कोणते, हे खात्रीने सांगणारा माणूस एकच निघाला, गावचा कृषी सहायक. तो आठवड्यातून एकदा शाळेत येऊन शंभर-दीडशे फोटो पाहून देई, आणि कार्ड तेवढे काम काही मिनिटांत संपवून उरलेला आठवडा स्वस्थ बसे. उरलेल्या पैशांना सरांनी अजून हात लावलेला नाही. कामगंध सापळे स्वतः लावणाऱ्या तीन शेतकरी पालकांना फोटो ओळखायला बसवता येईल का, हे त्यांनी विचारून पाहिले. दोघे तयार झाले आहेत. तिसऱ्यांचे म्हणणे असे, की वेचणी उरकल्यावर येतो.